फाटकापासून शंभर फूट

आमच्या इमारतीतले सगळे नळ बंद असले तरी पाण्याचा मीटर फिरत राहतो, हे सर्वप्रथम माझ्या लक्षात आले. यात बढाई मारण्यासारखे काही नाही. मीटरसमोर स्टूल टाकून बसणारा माणूस इमारतीत मी एकटाच आहे. वरच्या मजल्यांवर पाणी करंगळीएवढ्या धारेने येऊ लागले तेव्हा बाकीच्यांनी एकमेकांवर संशय घेतला. मी मात्र घरोघरी जाऊन नळ बंद करवून घेतले आणि खाली येऊन काट्यावर नजर ठेवली. काटा निवांत फिरत होता. निष्कर्ष स्पष्ट होता. पाणी जमिनीखाली कुठेतरी मुरत होते.

निष्कर्षापाशीच मी थांबलो असतो तर अध्यक्षांची गाडी अडकली नसती, इमारतीचे इंटरनेट तुटले नसते आणि पाणीखात्याच्या फायलीत माझे बनियनमधले छायाचित्र लागले नसते. परंतु तंत्रनिकेतनात शिकलेल्या आणि सारी नोकरी आरेखनाच्या फळ्यासमोर काढलेल्या माणसाला निष्कर्षापाशी थांबता येत नाही. इमारतीत मला पाठीमागे ‘मिलिमीटर’ म्हणतात. ते पाठीमागून पुरेसे मोठ्याने म्हणतात.

सोसायटीने प्लंबर बोलावला. त्याने जमिनीला कान लावला, उठून गुडघे झटकले आणि निदान सांगितले.

“लाइन फुटली. उघडल्याशिवाय कळायचं नाही.”

“कुठे उघडणार?” मी विचारले.

“सगळीकडे,” असे म्हणून त्याने हात फिरवला. तो हात गाड्या लावण्याच्या जागेपासून निघाला आणि इमारतीच्या भिंतीलगत सरकत सरकत थेट मागच्या कुंपणापर्यंत गेला. त्या हाताखाली सिस्टरची बाग होती.

सिस्टर म्हणजे तळमजल्यावर राहणाऱ्या निवृत्त परिचारिका. त्यांच्या बागेतले एकही रोप विकत आणलेले नाही. ज्या ज्या रुग्णाची त्यांनी शुश्रूषा केली, त्याने बरे झाल्यावर एक रोप आणून द्यायचे, असा प्रघात कसा पडला कोण जाणे, पण पडला. सिस्टर त्या झाडांना आजाराच्या नावाने ओळखतात. हा अपेंडिक्सचा गुलाब, ती मोडलेल्या खुब्याची जाई, हा काविळीचा सोनचाफा. रुग्णाचे नाव मात्र त्या कधीही, कोणालाही सांगत नाहीत. त्यामुळे भिंतीलगतची डौलदार मूळव्याधीची जास्वंद नेमकी कोणाची, यावर इमारतीत अनेक वर्षे चर्चा चालू आहे. आमचे अध्यक्ष रोज सकाळी, आजूबाजूला कोणी नाही असे पाहून, त्याच जास्वंदीला तांब्याभर पाणी घालतात. त्यावर मी भाष्य करणार नाही.

बागेतले एक झाड आमच्या घरचे आहे. हिच्या मोठ्या दुखण्यात सिस्टरनी रोज सकाळी येऊन इंजेक्शन दिले, अंग पुसले आणि मला ओरडून ओरडून जेवायला लावले. ही उठून चालू लागल्यावर तिने स्वतःच्या हाताने खाली एक लिंबाचे रोप लावले. यंदा तर त्याला इतकी फळे आली की, सिस्टर टोपलीने वाटत होत्या. “याला मी पाणीसुद्धा घालत नाही हो भाऊ, ते आपलं आपण बघतं,” असे त्या कौतुकाने सांगायच्या. ते वाक्य मी ऐकले, मान डोलावली आणि त्याच झाडाच्या लिंबाचे सरबत पीत गळतीचा विचार करू लागलो.

तातडीची सभा जिन्यात भरली. वरच्या मजल्यावरचे विम्याचे एजंट प्रत्येक वाक्यात ‘अंदाजे’ म्हणतात, म्हणून त्यांना सगळे अंदाजेकाका म्हणतात. ते म्हणाले, “अंदाजे तीन फूट रुंद चर काढा. बाग काय, पुन्हा लावता येते.”

सिस्टर एका पायरीवर बसल्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या फक्त म्हणाल्या, “पाणी तर सगळ्यांनाच लागतं. काढा चर.” आणि आपल्या तळहाताकडे बघत राहिल्या.

हिने माझ्याकडे पाहिले. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर या पाहण्याचा अर्थ लावावा लागत नाही.

“चर काढायची गरज नाही,” मी उभा राहून म्हणालो. “ही सरळ पाइपलाइन आहे. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत तिला एकच जोड आहे, आणि जमिनीखाली गळतो तो जोड. त्याची नेमकी जागा मी दाखवतो. दोन फूट लांब, दोन फूट रुंद खड्डा पुरेल.”

“नेमकी म्हणजे अंदाजे?” अंदाजेकाकांनी विचारले.

“नेमकी म्हणजे नेमकी.”

अध्यक्ष म्हणाले, “रविवारपर्यंत मुदत. नाही सापडली तर सोमवारी चर.”

अशा रीतीने एका बागेचे भवितव्य माझ्या जिभेमुळे माझ्या गळ्यात पडले.

आता नकाशाविषयी. इमारतीचा मूळ नकाशा सोसायटीच्या कपाटात होता, तो वाळवीने खाल्ला. सुदैवाने त्यापूर्वीच माझ्या लेकीने त्याचे स्वच्छ, सरळ छायाचित्र काढून माझ्या संगणकात ठेवले होते. ती प्रयोगशाळेत पेशींची छायाचित्रे तपासते. त्यासाठी पायथॉन या संगणकीय भाषेत ती एक खिडकी उघडते. खिडकीत चित्र दिसते, आणि चित्रावर कर्सर फिरवला की तो कुठे आहे ते आकडे खालच्या कोपऱ्यात उमटतात. तीच खिडकी तिने मला नकाशे बघायला दिली होती. “बाबा, तुम्हाला आवडेल,” असे ती म्हणाली होती. आवडलीच. निवृत्तीनंतर मला कोणी खेळणे दिले असेल तर हेच.

छापील प्रत काढून तिच्यावर पट्टी लावता आली असती, हे मला ठाऊक आहे. हीसुद्धा तेच म्हणाली. “पट्टी लावा आणि मोकळे व्हा.” परंतु कोपऱ्यावरचा छपाईवाला नकाशा कागदात बसावा म्हणून तो उभा दाबतो आणि आडवा तसाच ठेवतो. तशा कागदावर मोजलेला फूट मी फूट मानत नाही.

मी खिडकी उघडली. कर्सर जोडाच्या लहानशा वर्तुळाकडे नेला. कोपऱ्यात आकडे आले, पण ते फूट नव्हते. चित्र ज्या बारीक ठिपक्यांचे बनलेले असते त्या ठिपक्यांची मोजदाद होती, तीही दशांशासह. आणि हात किंचित हलला की आकड्यांची लांबी बदले, आणि शेजारची सगळी बटणे बेडकांसारखी उड्या मारू लागत. चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात कर्सर नेला तर आकडा आला ‘उणे अर्धा’. एवढ्या वर्षांच्या नोकरीत उणे अर्ध्यापासून सुरू होणारी भिंत मी पाहिलेली नव्हती. लेकीने फोनवर खुलासा केला, “बाबा, पहिल्या ठिपक्याचा मध्य म्हणजे शून्य. मग त्याची कड उणे अर्धा होणारच.” हे तर्काला धरून आहे. पण तर्काला धरून असलेल्या गोष्टीनेही माणूस दुखावू शकतो.

त्याहून चमत्कारिक म्हणजे आकड्यांच्या शेजारी कंसात आणखी एक आकडा येत होता. दोनशे बावन्न, दोनशे एकोणपन्नास, मध्येच एकदम बारा. साखर मागायला आलेल्या अंदाजेकाकांनी तो पाहिला.

“ही खोली असणार.”

“कसली खोली?”

“पाइपची! किती खोल आहे ते. दोनशे बावन्न.”

“दोनशे बावन्न फुटांवर?”

“अंदाजे.”

तेवढ्या खोलीवर नळाचे पाणी नव्हे, खनिज तेल लागते, हे मी त्यांना नम्रपणे सांगितले. तो आकडा त्या ठिपक्याच्या उजळपणाचा होता. कोरा कागद अडीचशेच्या घरात आणि शाईची रेघ बाराच्या. पण तोवर साखर घेऊन गेलेल्या काकांनी जिन्यात सांगून टाकले होते की मिलिमीटरच्या संगणकात पाइप अडीचशे फूट खाली दिसतो. संध्याकाळी प्लंबर मला येऊन म्हणाला, “साहेब, तेवढं आमच्याच्याने व्हायचं नाही.”

मी शांत चित्ताने कामाला लागलो. या खिडकीची एक सोय फार सुंदर आहे. कोपऱ्यात काय लिहायचे ते ठरवणारा एक छोटासा नियम आपल्याला स्वतः लिहून देता येतो. खिडकी त्या नियमाला कर्सरचे दोन आकडे पुरवते, आणि नियम जे वाक्य परत करतो ते कोपऱ्यात उमटते. म्हणजे एखाद्या परक्या कचेरीने ‘आमच्या पाटीवर काय लिहू, तुम्हीच सांगा’ असे म्हणावे तसे. सरकारी नोकरीत असे मला कधीही कोणी विचारले नव्हते. मी गहिवरलो.

नियम असा केला. नकाशात एका फुटाला वीस ठिपके पडतात, म्हणून विसाने भाग द्यायचा. एकच दशांश ठेवायचा, आणि अक्षरांची लांबी नेहमी सारखी राखायची, म्हणजे बटणांच्या उड्या थांबतील. राहता राहिली दिशा. संगणक चित्रातले ठिपके वरून खाली मोजतो, आणि आमच्या नकाशात फाटक आहे तळाशी. तेव्हा एकूण उंचीतून कर्सरचा आकडा वजा करून मी मोजणी उलटी केली. नवशिका इथेच फसतो. मी नवशिका नव्हतो. कर्सर फाटकावर ठेवला. कोपऱ्यात शुद्ध मराठीत आले, ‘फाटकापासून ०.० फूट’. मागच्या भिंतीवर ठेवला, ‘फाटकापासून १००.० फूट’. मी हिला हाक मारली. ही पोळपाट सोडून आली, वाचले, आणि म्हणाली, “आणि जोड?”

“जोड अजून वाचला नाही.”

“का?”

कारण कंसातला तो आकडा अजून जात नव्हता. नियम बदलला होता, पण कंस तसाच. हा म्हणजे भाडेकरू गेला तरी पोटभाडेकरू राहिला, असा प्रकार. आणि अर्धवट उपकरणावर घेतलेल्या मोजमापाला मी मोजमाप मानत नाही. ही “बरं” म्हणून परत गेली. तिच्या ‘बरं’मध्ये जे जे असते ते सगळे होते.

मी फाइल लेकीला पाठवली. तिने दुपारच्या सुट्टीत ती दुरुस्त करून परत पाठवली. “बाबा, तो कंस चित्राचा स्वतःचा असतो, वेगळा काढावा लागतो. काढला. आणखी एक छोटी गोष्टपण नीट करून ठेवलीय. आता बिनधास्त वापरा.” त्या छोट्या गोष्टीची मी चौकशी केली नाही. बटणांच्या उड्यांसंबंधी काही असेल असे वाटले. शिवाय प्रयोगशाळेतले काम बाजूला ठेवून मुलीने बापासाठी केलेले काम बापाने तपासावे, हे मला प्रशस्त वाटले नाही.

आता उपकरण पूर्ण झाले होते. मी नकाशा मोठा करत करत गेलो, इतका की जोडाचे वर्तुळ खिडकीभर झाले आणि भिंत, फाटक, जिना सगळे चौकटीबाहेर गेले. वर्तुळाच्या मध्यावर कर्सर ठेवून श्वास रोखला. ‘फाटकापासून ४२.० फूट’.

खणायला पाणीखात्याची परवानगी लागते, कारण मीटरला जोडलेली लाइन खात्याला विचारल्याशिवाय उघडता येत नाही. मी छापील नकाशा घेऊन गेलो. खिडकीतल्या लिपिकाने तो उलटसुलट पाहिला.

“जोड कुठाय?”

“इथे. बेचाळीस फुटांवर.”

“तसं यावर लिहिलेलं नाही.”

“ते कर्सर ठेवला की कोपऱ्यात दिसतं.”

लिपिक क्षणभर विचारात पडला. मग नकाशा माझ्याकडे सरकवत म्हणाला, “मग कर्सर जोडा.”

कर्सर जोडता येत नाही, हे समजावून सांगण्याचा मी प्रयत्न केला. त्याने मागच्या टेबलावरच्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “मागच्या वेळी एकांनी जोडला होता.” यापुढे वाद घालणे शक्य नव्हते. घरी येऊन पडद्याचे चित्र टिपले, तर त्यात आकडा आला पण कर्सर गायब; संगणक स्वतःचे चित्र टिपताना कर्सर वगळतो. अखेर हिला माऊस धरायला बसवले. “हलू नकोस” असे मी म्हणायचे आणि “हलत नाहीये” असे म्हणताना ती हलायची. शेवटी फोनने पडद्याचे छायाचित्र काढले. त्यात कर्सर आहे, आकडा आहे, आणि पडद्याच्या काचेत बनियन घातलेला, एक डोळा मिटलेला मी आहे. लिपिकाने ते पाहून समाधानाने शिक्का मारला. “हे कोण?” असेही त्याने विचारले नाही. या सौजन्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

शनिवारी सकाळी मी स्वतः फाटकापासून टेप धरला. बेचाळीस फूट. टेपचे टोक अध्यक्षांच्या गाडीच्या पुढच्या चाकासमोर, वाहनांच्या जागेच्या अगदी शेवटी आले. बाग तिथून तीन फूट पुढे सुरू होत होती. म्हणजे बागेला धक्काही लागणार नव्हता! सिस्टर खिडकीतून पाहत होत्या. मी त्यांना हात केला. असा हात मी आयुष्यात फार वेळा केलेला नाही.

अध्यक्ष म्हणाले, “गाडी काढू का?”

“गरज नाही. खड्डा फक्त दोन फुटांचा आहे.”

प्लंबरने फरशा काढल्या आणि खणू लागला. मी खड्ड्याच्या कडा गुण्याला लावून घेतल्या. बाजू सरळ, कोपरे काटकोनात. तीन फूट खाली कोरडी माती. चार फूट खाली आणखी कोरडी माती, आणि तिच्यात अखंड, कोरडा पाइप.

“पाणी नाही साहेब.”

“थोडं डावीकडे घे.”

डावीकडे घेतले. तिथे पहारीला काहीतरी लागले. प्लंबर आनंदाने ओरडला, आणि लगेच वरच्या सर्व मजल्यांवरून लोकही ओरडले. ती इंटरनेटची केबल होती. उजवीकडे घेतले, मग मागे. खड्डा दोनाचा चार फूट झाला, नेटका, चौरस, कोरडाठाक. मातीचा ढीग गाडीमागे साठला. पुढे खड्डा, मागे ढीग, मध्ये अध्यक्षांची गाडी. अध्यक्षांना सपत्नीक मेहुणीकडे जायचे होते. ते रिक्षाने गेले, आणि रिक्षात बसताना त्यांच्या पत्नीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी मोजू शकलो नाही.

“चर काढला असता तर अंदाजे निम्मं काम झालं असतं,” गॅलरीतून आवाज आला.

मी जेवायला बसलो. ही वाढत होती.

“भात घ्या.”

“नको.”

“सिस्टरनी लिंबं पाठवलीत. सरबत करून देऊ?”

“त्यांनी काही म्हटलं?”

“म्हणाल्या, भाऊंना ऊन लागलं असेल.”

मला त्या क्षणी ऊन लागले असते तर फार बरे वाटले असते.

संध्याकाळी अध्यक्ष परतले ते तडक आमच्याकडे आले. चपला दारात काढल्या, हे त्यांचे मोठेपण.

“मला बघू द्या तो तुमचा संगणक. बघू तरी काय आहे ते.”

मी खिडकी उघडली. संपूर्ण नकाशा पडद्यावर आला. अध्यक्षांनी माऊस माझ्या हातातून काढून घेतला.

“ही इमारत. ही माझी गाडी असते इथे. आता मला सांगा, मी ही गाडी बाहेर कशी काढू? उडवत नेऊ? हे फाटक. ह्या, ह्या, ह्या फाटकातून...” असे म्हणत त्यांनी कर्सर फाटकावर आपटला.

कोपऱ्यात अक्षरे उमटली.

‘फाटकापासून १००.० फूट’.

आम्ही तिघेही ते वाचत राहिलो. शेवटी ही म्हणाली, “फाटक फाटकापासून शंभर फूट?”

अध्यक्षांचा राग कुतूहलापुढे क्षणभर मागे पडला. त्यांनी कर्सर मागच्या भिंतीवर नेला. शून्य. पुन्हा फाटकावर. शंभर. “मजेशीर आहे,” ते म्हणाले. आमच्या संबंधांत त्या दिवसातला हा पहिला चांगला शब्द होता.

मी लेकीला फोन लावला.

“बाळ, तू कंसाखेरीज आणखी काय नीट केलंस?”

“ते होय? बाबा, चित्रात मोजणी वरून होते ना, आणि तुमचं फाटक खाली. तुम्ही विसराल म्हणून मी खिडकीलाच सांगितलं, खालून मोज.”

“ते मी केलं होतं. माझ्या नियमात.”

पलीकडून कळफलकाची टकटक आली.

“तुम्हीही उलटं केलं होतं?”

“अर्थात.”

“अहो बाबा, मग दोनदा उलटं झालं! तुम्ही सांगितलं का नाही?”

“तू विचारलं का नाहीस?”

“मला वाटलं, बाबांना चूक दाखवली तर वाईट वाटेल. म्हणून गुपचूप केलं.”

“आणि मला वाटलं, तुझं काम तपासलं तर तुला वाईट वाटेल. म्हणून तपासलं नाही.”

ती हसू लागली. “मी तुमचीच मुलगी आहे हो, काय करणार?” माझ्याही तोंडून हसू फुटले. दोन दक्ष माणसांनी, एकमेकांच्या मायेपोटी, एकच चूक दुरुस्त केली होती, आणि दोन दुरुस्त्या मिळून एक खड्डा झाला होता. मी माझी वजाबाकी पुसली आणि तिची दुरुस्ती राहू दिली. मग अध्यक्षांनाच म्हटले, “आता जोडावर नेता का कर्सर?”

त्यांनी नेला. ‘फाटकापासून ५८.० फूट’.

रविवारी सकाळी टेपचे एक टोक ही धरून उभी राहिली, दुसरे मी. अठ्ठावन्न फूट. मी खाली पाहिले, मग वर पाहिले. मी लिंबाखाली उभा होतो.

सगळे वर झाडाकडे बघू लागले. मग एकेकाच्या चेहऱ्यावर उजाडू लागले. याला पाणी घालावे लागत नाही. हे आपले आपण बघते. यंदा टोपल्याच्या टोपल्या लिंबे. सगळी इमारत तहानलेली असताना हे एकटे झाड सोसायटीचे पाणी पिऊन गुटगुटीत झाले होते, आणि आम्ही सर्वांनी तेच पाणी सरबतातून परत घेतले होते.

“अंदाजे मला वाटलंच होतं,” अंदाजेकाका म्हणाले.

मी सिस्टरकडे वळलो. “सिस्टर, बाकी बागेला हात लागणार नाही. पण हे...” सगळ्या बागेत नेमके हेच. हिचे.

सिस्टरनी पदर खोचला. “भाऊ, बाजूला व्हा. रुग्ण हलवायचा आहे. वहिनी, घरातून जुनी चादर आणा. जाड.”

त्यानंतर त्यांनी ज्या आवाजात सूचना दिल्या त्या आवाजात वॉर्ड चालतात. प्लंबरने पहार टाकून हाताने माती काढली. मुळांचा गड्डा मातीसकट चादरीवर घेतला. चार कोपरे चौघांनी धरले, एका कोपऱ्याला अध्यक्ष, एका कोपऱ्याला अंदाजेकाका. “झटका देऊ नका. डोकं वर ठेवा. शेंड्याकडे बघा, पायाकडे नको.” जोड तिथेच निघाला, वर्तुळाच्या बरोबर मध्यावर, आणि त्यातून पाणी खळखळत होते. प्लंबरने नवा बसवला. मीटरचा काटा थांबला. तो थांबलेला मी स्टुलावर बसून पाहिला, आणि मग स्टुलावरून उठायला थोडा वेळ घेतला.

पण चौघे चादर धरून उभेच होते. झाड परत तिथे लावता येईना. मुळे पुन्हा जोडात शिरली असती.

“लावायचं कुठे?” हिने विचारले.

सगळ्यांच्या नजरा हळूहळू सोळा फूट अलीकडे, कालच्या खड्ड्याकडे गेल्या. चार फूट चौरस, चार फूट खोल, कडा गुण्यात. लिंबासाठी याहून चांगला खड्डा कोणी मुद्दाम खणला नसता.

“छे छे,” अध्यक्ष चादरीचा कोपरा न सोडता म्हणाले, “ती माझी जागा आहे. सभेत ठराव झालेला आहे.”

सिस्टरनी घाम पुसला आणि सहज विचारले, “अध्यक्षसाहेब, जास्वंद काय म्हणतेय?”

ही केवळ चौकशी होती. पण अध्यक्षांनी एकदा जास्वंदीकडे, एकदा जमलेल्या मंडळींकडे पाहिले आणि ते म्हणाले, “गाडी काय, मी मागेही लावू शकतो. त्यात एवढं काय?”

चूक दुरुस्त होते हे मला तंत्रनिकेतनात शिकवले होते. चुकीत झाड लावता येते, हे मला त्या इमारतीने शिकवले.

पुढले काही आठवडे मात्र कठीण गेले. लिंबाची सगळी पाने गळाली. ही रोज गॅलरीतून पाही आणि आत येई. सिस्टर रोज सकाळी खाली उकिडव्या बसून खोडाला हात लावून बघत. आपल्या हातून दुसरे काही होण्यासारखे नाही, म्हणून मी पुन्हा खिडकी उघडली आणि नियम नव्याने लिहिला. फूट आता कोणाला नको होते. बागेवर कर्सर फिरला की कोपऱ्यात त्या जागेच्या झाडाचे नाव यावे, अशी व्यवस्था केली. नावे सिस्टरनी सांगितली, आजारासकट, रुग्णाशिवाय. ते कळताच अध्यक्ष एका दुपारी वर आले. कर्सर इकडेतिकडे फिरवल्यासारखा करत त्यांनी भिंतीलगत नेला. ‘जास्वंद. मूळव्याध.’ त्यांनी खाली, वर, शेजारी सगळीकडे पाहिले. आणखी काहीच लिहिलेले नव्हते. “फारच सुरेख काम केलंत हो,” ते म्हणाले, आणि हिने पुढे केलेला चहा त्यांनी आमच्याकडे प्रथमच पूर्ण प्यायला.

लिंबाच्या जागी मात्र काय लिहावे ते मला सुचत नव्हते. तिथे मी नुसते आकडे राहू दिले होते.

एके दिवशी सिस्टर वर आल्या. श्वास लागला होता, पण त्या बसल्या नाहीत. सरळ संगणकाकडे गेल्या. त्यांनी कर्सर बागेवरून सावकाश फिरवला. खुब्याची जाई. अपेंडिक्सचा गुलाब. काविळीचा चाफा. एकेकावर थांबून त्यांनी मान हलवली, जणू वॉर्डातून फेरी मारत होत्या. मग कर्सर बेचाळीस फुटांवर आला.

“इथे नुसते आकडे का?”

“काय लिहू कळेना,” मी म्हणालो. “आधी ते मला... म्हणजे त्याचं काय होतंय ते बघून...”

सिस्टरनी मूठ उघडली. हिच्यापुढे धरली. तळहातावर काही नव्हते, फक्त अंगठ्याच्या टोकाला हिरवा डाग होता आणि लिंबाच्या पानाचा वास खोलीभर पसरला.

“डोळे फुटलेत. पाच ठिकाणी. एक जरासा चुरडून बघितला, माफ करा वहिनी,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, वॉर्डातल्या आवाजात, “घ्या भाऊ, लिहून घ्या. प्रकृती स्थिर.”

मी लिहिले. ही माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तिने माऊस घेतला आणि कर्सर त्या चौकोनावर नेऊन ठेवला. तो आता किंचितही हलत नव्हता.